शांत गाय, खाजरी गाय

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मी शिडी काढते आणि माळ्यावरच्या गोधड्या खाली घेते. पहिली गोधडी गादीवर पडली की पहिली शिंक येते. तिथून थेट लक्ष्मीपूजनापर्यंत मी शिंकत असते. पंखे पुसणे, पडदे धुणे, भाजणी भाजणे, अशा कामांच्या याद्या मी फ्रिजवर लावते आणि प्रत्येक यादीत सगळ्यात वर 'गोळी' असं लिहिलेलं असतं. ती गोळी घेतली की नाक थांबतं, डोळ्यांची खाज थांबते आणि जोडीला निम्मा मेंदूही थांबतो. माझा नवरा मिलिंद म्हणतो, "गोळी घेतल्यावरचे पहिले दोन तास तू फार गोड वागतेस. वर्षभर घेतलीस तरी चालेल."

नाकाच्या डॉक्टरांनी मला एकदा नीट समजावलं होतं. जुन्या गोधडीत डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे किडे राहतात. ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. माणसाच्या अंगावरून जो कोंडा गळतो तो खाऊन सज्जनासारखे जगतात. गडबड माझ्या शरीराची आहे. "तुमचं शरीर जरा जास्तच जागरूक आहे," डॉक्टर म्हणाले. "दारात पेपरवाला आला तरी तुमचा वॉचमन पोलीस बोलावतो." मी सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या खऱ्या वॉचमनबद्दल कोणी असं म्हणालं असतं तर मी पेढे वाटले असते.

यंदाही गोधड्या निघाल्या आणि शिंकता शिंकता मला पुन्हा ती दिवाळी आठवली. राणी आणि तांबूची.

कोलशेतला आमच्या टॉवरच्या मागच्या भिंतीला लागून एक गोठा आहे. तो आक्कांचा. आक्का इथल्या मूळच्या आगरी घरातल्या. त्यांच्या सासऱ्यांनी खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढलं, नवऱ्याने भात लावला आणि मुलांनी ती भाताची जमीन बिल्डरला दिली. म्हणजे एका अर्थी आम्ही सगळे आक्कांच्या भातखाचरात राहतो. चौदाव्या मजल्यावर तांदूळ धुताना कधीकधी मला ते आठवतं आणि मी उगाच एक मूठ जास्त टाकते. आक्कांना पैशाची ददात नाही. दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, गळ्यात हाताच्या बोटाएवढी जाड बोरमाळ आहे. पण दिवसभर बसायच्या गोठ्यात, प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर.

गोठ्यात तेव्हा दोन गाई होत्या. राणी ही काळी-पांढरी, संकरित, धिप्पाड. बादलीभर दूध द्यायची. तांबू ही आक्कांच्या माहेरची, आंबिवलीकडची गावठी गाय. रंगाने तांबडी, उंचीला बेताची. दूध द्यायची ते चहापुरतं, तेही मनात असेल तर. दोघींच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक होता. राणी उभी केली की उभी. फोटोतली गाय आणि ही गाय यांत फरक एवढाच की ही मधूनच पापणी मिटायची. तांबू मात्र एक क्षण स्वस्थ नसायची. कातडी थरथरव, कान झटक, शेपटी मार, मान वळवून पाठ चाट, मागचा पाय उचलून पोट खाजव. हे सगळं उरकलं की आमच्या भिंतीला अंग घास. तिने आमच्या भिंतीचा रंग गाईच्या उंचीपर्यंत साफ करून टाकला होता आणि त्यावर कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या होत्या.

मी तक्रार घेऊन गेले तेव्हा आक्का म्हणाल्या, "मना नको सांगू, तिला सांग. ती ऐकतं क बग." मग राणीच्या पाठीवर हात फिरवत, "ही बग कशी सोन्यासारकी. हालत नाय क डुलत नाय. आन ती तांबू, सदानकदा अंगात आल्यावानी."

मला तेव्हा ते पटलं होतं. कुठल्याही व्यवस्थापनाला राणीसारखीच माणसं आवडतात.

त्या वर्षी सोसायटीतल्या बायकांनी ठरवलं की वसुबारसेला गाय-वासराची पूजा आपल्याच आवारात करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या करंदीकर वहिनींनी पुढाकार घेतला. व्रतवैकल्यं, शुभशकुन, कुठल्या तिथीला काय खायचं नाही, या विषयांत त्यांचा शब्द आमच्याकडे अखेरचा मानतात. व्यवस्था माझ्याकडे आली, कारण व्यवस्था नेहमी माझ्याकडेच येते. पाहुण्यांच्या गाड्यांची जागा रिकामी करणे, शेणाची सोय, चपलांची सोय, बाजरीच्या भाकरी आणि गवारीची भाजी कोण कोण करणार, सगळं मी लावून दिलं. एकच प्रश्न उरला. कुठली गाय?

"तांबू नको बाई," करंदीकर वहिनी म्हणाल्या. "तिला काहीतरी त्वचारोग आहे. किती खाजवते ती! पूजेला गाय कशी निरोगी, प्रसन्न हवी."

"पण वहिनी, गावठी गाय जास्त चांगली म्हणतात ना?" पहिल्या मजल्यावरच्या नव्या सुनेने विचारलं.

"म्हणोत. लाथ बसली की म्हणणाऱ्यांना बोलावशील का?"

राणी एकमताने निवडून आली.

वसुबारसेला संध्याकाळी राणी आपल्या वासरासकट पार्किंगमध्ये आली आणि दोन गाड्यांच्या मधल्या पिवळ्या रेषांच्या आत अशी बरोबर उभी राहिली की आमच्यातल्या कित्येक सभासदांनी तिच्याकडून शिकावं. बायका नऊवाऱ्या नेसून आल्या होत्या. आक्का आपली लाल खुर्ची आणून बाजूला बसल्या होत्या. पायावर पाणी, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. राणी हलली नाही. अकरा जणींनी तिच्या गळ्यात गळा घालून फोटो काढले, तरी हलली नाही.

माळ नीट करताना करंदीकर वहिनींनी तिचा कान वर उचलला आणि किंचाळल्या. आनंदाने.

"अगं बायांनो, इकडे या! हिच्या कानात मोती आहेत!"

आम्ही वाकून पाहिलं. कानाच्या आतल्या घडीत राखाडी, टपोरे, गुळगुळीत मणी ओळीने बसलेले. खरंच, सोनाराने बसवल्यासारखे.

"माझ्या आजोळी सांगायचे," वहिनींचा आवाज घोगरा झाला होता, "घरात लक्ष्मी नांदणार असेल तर गाईच्या कानात मोती उगवतात. मी आज प्रथम बघतेय."

मग काय, रांग लागली. एकेकीने त्या मोत्यांना बोट लावायचं आणि ते बोट डोळ्यांना लावायचं. कोणी हळद वाहिली, कोणी कुंकू. एकीने तर नवऱ्याचं प्रमोशन मागितलं. मीही बोट लावलं. दुपारीच गोळी घेतलेली होती, त्यामुळे कशाचाच संशय यायच्या अवस्थेत मी नव्हते.

प्रसादाचं ताट माझ्या हातात होतं. खडीसाखर, खोबरं, मनुका. ताट फिरवायला सुरुवात केली आणि त्यातली एक मनुका चालायला लागली. शांतपणे, घाई न करता, खडीसाखरेला वळसा घालून ती ताटाच्या काठाकडे निघाली. तिला पाय होते. मी शिक्षणाने कॉमर्सची, तरी मनुकेला पाय नसतात इतपत मला माहीत आहे.

"आक्का," मी हळूच विचारलं, "हे काय आहे?"

आक्का खुर्चीतून उठल्या, ताटात डोकावल्या आणि पोट धरून हसायलाच लागल्या. "आगो, गोचिडी हायेत त्या! मोती कुठले गो बय! रगत पिऊन टम्म झाल्यान!"

पुढचा काही वेळ आमच्या पार्किंगमध्ये जे झालं त्याला नृत्य म्हणता येईल. अठरा नऊवाऱ्या एकाच वेळी झटकल्या जात होत्या. पहिल्या मजल्यावरची सून कोणाच्या तरी स्कूटरवर उभी होती. करंदीकर वहिनी दोन्ही हात अंगापासून लांब धरून गोल फिरत म्हणत होत्या, "मी पूजा केली हो त्यांची! हळद वाहिली! आता काय करायचं?"

"उत्तरपूजा करा वहिनी," स्कूटरवरून आवाज आला.

एवढ्या गोंधळात राणी मात्र हलली नव्हती.

"आक्का, इतक्या गोचिडी होत्या तर काढल्या का नाहीत?" मी विचारलं.

"तिना कवा खाजवला नाय ना बाय," आक्का म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. राणीच्या शेपटीखाली, सडांच्या मागे, मानेखालच्या लोंबत्या पोळीत त्यांची बोटं फिरत होती आणि बोटं जातील तिथे मणी सापडत होते. "तांबू खाजवतं म्हनून मी रोज तिचा आंग बगतंव. ही हालतच नाय. मना वाटला, हिला काय त्रास नाय."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आमची बेल वाजली. दारात आक्का. लिफ्टमध्ये बसायला त्यांचा कायम विरोध, पण त्या दिवशी बसून आल्या होत्या.

"पोरी, राणी रवंथ करत नाय. कालपासना चारा नाय. आंग तव्यासारका तापलंय."

नेहमीचे गुरांचे डॉक्टर सणाला गावी गेले होते, फोन बंद. आक्का सोफ्याच्या कडेवर बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

"पोरा टपूनच बसल्यान," त्या म्हणाल्या. "जयवंत बोलतो, आये, राणी हाय तोवर गोठा. ती गेली क तांबूला आंबिवलीला धारतो आन गोठ्यात गाऱ्या लावतो. चार गाऱ्या बसतील बोलतो." भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "मंग मी कुठं बसू?"

जयवंत हा त्यांचा थोरला. वाईट माणूस नाही. चार गाड्यांची जागा म्हणजे ठाण्यात काय असतं ते मलाही कळतं. पण सकाळी उठून गोठ्यात जाण्यावाचून आक्कांना दुसरं आयुष्य नाही, हेही कळत होतं. मी फ्रिजकडे पाहिलं. गॅसवाला, सुतार, गच्ची गळते तेव्हाचा माणूस यांच्या खाली एक नंबर होता. माझ्या मुलीने पाळलेल्या सशाची डॉक्टर, मुग्धा. नौपाड्यात तिचा दवाखाना आहे.

"काकू, गाय?" फोनवर मुग्धा म्हणाली. "खरी गाय? मी सकाळपासून तीन पर्शियन मांजरांची नखं कापलीत. पंधरा मिनिटांत आले."

ती सणाच्या रेशमी कुर्त्यातच स्कूटरवरून आली, बाह्या वर सारल्या आणि गोठ्यात शिरली. राणी खाली बसलेली होती. मुग्धाने तिची पापणी उलटून पाहिली. आतून लाल असायची ती पांढरट पडली होती. लघवी काळ्या चहासारखी. मुग्धाचा चेहरा उतरला. कानाच्या कडेचं रक्त काचेवर घेऊन ती म्हणाली, "गोचीड-तापच असणार. काच तपासते, पण तोवर थांबून चालणार नाही. इंजेक्शन आत्ताच देते."

"वाचंल ना गो?" आक्कांनी विचारलं.

"दोन-तीन दिवस बघू, आक्का. आत्ता हो म्हणाले तर खोटं होईल."

मग तिने तांबूला तपासलं. तांबूने आधी तिला शिंग दाखवलं, नंतर शेपटीने तिचा चष्मा पाडला. "हिच्या अंगावर बघा," मुग्धा चष्मा पुसत म्हणाली. "आहेत, पण मोजक्या आणि बारक्या. पोट भरायच्या आत गळून पडणाऱ्या."

"पण रोगट तर हीच दिसते," मी म्हटलं. "सारखी खाजवते."

"खाजवते म्हणून तर वाचते, काकू. गोचीड फार हुशार. चावते तेव्हा लाळ सोडते. त्या लाळेने दुखत नाही, रक्त गोठत नाही आणि शरीराचा पहारा झोपतो. मग ती आठवडाभर आरामात पिते. राणीच्या जातीच्या गाईंना ही लाळ सहज फसवते. गावठी गाई पिढ्यान्‌पिढ्या गोचिडींत वाढल्या. त्यांच्या कातडीला ही लाळ ओळखू येते. ओळखली की तिथे सूज, आग, खाज. गोचिडीला नीट पिता येत नाही आणि गाय चाटून, घासून तिला उडवून लावते. तुमची भिंत हे तिचं औषध आहे."

"म्हणजे मला गोधडीने येते ती खाज..."

"तीच. तुमच्या नाकात जे रसायन सुटतं तेच तिच्या कातडीत सुटतं. तुम्ही गोळी घेऊन ते दाबता. तांबूला तुमची गोळी घातली तर तिच्यावर जास्त गोचिडी चढतील."

मी तांबूकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने निवांतपणे मान वळवून पाठ चाटली. भिंतीच्या रंगाबद्दल मी पुन्हा कधीही पत्र लिहिलेलं नाही.

त्या दिवसापासून माणसांकडे बघायची माझी रीत जरा बदलली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दर आठवड्याला तक्रार आणतात. पाण्याला वास येतो, जिन्यात दिवा नाही, कोणीतरी कबुतरांना दाणे घालतं. पूर्वी मी त्यांना बघून लिफ्टचं बटण दाबायची. आता थांबते. हा आमच्या इमारतीचा खाजणारा भाग आहे, तो आहे म्हणून टाकीत मेलेलं कबूतर वेळेवर सापडतं. उलट ज्या मजल्यावरून कधीच तक्रार येत नाही तिथे मी आपण होऊन चक्कर मारते. मिलिंदचंही मला नव्याने कळलं. त्याचा कधी आवाज चढत नाही, म्हणून सासरी-माहेरी त्याचं कौतुक. त्याच्या ऑफिसातले लोक मात्र आपापली कामं त्याच्यावर ढकलून संध्याकाळी वेळेवर घरी जातात. एका रविवारी मी त्याचा कान उचलून आत पाहिलं. "काय बघतेस?" "मोती," मी म्हटलं. आणि माझ्यासारखं प्रत्येक धुळीला पोलीस बोलावणारं शरीरही काही आदर्श म्हणता येणार नाही. मला वाटतं, शहाणपण एवढंच असावं, की कोण रक्त प्यायला आलंय आणि कोण नुसताच कोंडा खातोय, हे ओळखता यावं. ते मला अजून साधलेलं नाही. गोळी घेते आणि काम करते.

राणी मात्र इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशीही उठली नाही. काचेवरच्या रक्तात तापाचे जंतू दिसल्याचा मुग्धाचा निरोप आला. तिने सांगितल्याप्रमाणे उरलेल्या गोचिडी काढायच्या होत्या. हाताने चिरडायच्या नाहीत, चिमट्याने तोंडाशी धरून ओढायच्या आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या. मी पाळ्या लावून दिल्या. पाडव्याच्या दिवशी, नवीन साड्यांवर जुने गाऊन चढवून, आमच्या बायका गोठ्यात हजर झाल्या. करंदीकर वहिनींनी भुवया कोरायचा चिमटा आणला होता. प्रत्येक गोचीड ओढताना त्या पुटपुटत होत्या.

"काय म्हणताय वहिनी?"

"क्षमा मागतेय."

"गोचिडीची?"

"गाईची गं! गोचिडीची कशाला मागेन? प्रमोशन तिने कुठे दिलं?"

राणीच्या सगळ्या अंगावरून आमचे चिमटे फिरत होते आणि ती कोणालाही काही करत नव्हती. तेच सहन होत नव्हतं. आक्का तिच्या तोंडापाशी बसून तांदळाची पेज भरवायला बघत होत्या आणि पेज तिच्या ओठांवरून खाली ओघळत होती. "मार गो एकादी लाथ," आक्का म्हणत होत्या. "मार ना. कोनाला तरी मार."

भाऊबीजेला जयवंत आणि धाकटा भाऊ बहिणीकडे जायच्या आधी गोठ्यात डोकावले. कोणाला दुखवायचं नव्हतं त्यांना. पण धाकट्याच्या हातात मोजायची टेप होती आणि ती लपवायला कुर्त्याला खिसा नव्हता.

"आये, चल आता घरी," जयवंत समजुतीच्या सुरात म्हणाला. "मेल्यातच जमा हाय ती. तू कवरं दिवस अशी बसशील?"

आक्कांनी पेजेची वाटी पुन्हा राणीच्या तोंडाशी नेली. भाऊ बाहेर जाऊन जागा मोजायला लागले. टेपचा कर्रकर्र आवाज आत येत होता. मी आणि वहिनी राणीच्या मागच्या बाजूला होतो. सडामागे एक बारकी गोचीड राहिली होती, नुकती चिकटलेली. आक्का म्हणाल्या, "थांब, ती मी कारतंव." चिमटा नको म्हणाल्या. नुसत्या बोटांनी चाचपत त्यांनी तिथे हात घातला.

राणीची कातडी थरथरली. आधी मला वाटलं, मला भास झाला. मग पुन्हा थरथरली, मांडीपासून पाठीपर्यंत, तळ्यात खडा पडल्यासारखी. तिने मान वळवली. मग पुढचे पाय रोवले, मागचं धूड उचललं, लटपटत उभी राहिली, आणि कुणाला काही कळायच्या आत आक्कांच्या नडगीवर सणसणीत लाथ बसली.

आक्का खाली शेणात बसल्या. आम्ही धावलो. "लागलं का? आक्का, लागलं का?" आक्कांनी आम्हाला बाजूला सारलं, राणीच्या पायाला धरूनच उठल्या, आणि आयुष्यभर जिला सोन्यासारखी म्हटलं तिला अशा काही शिव्या घातल्या की करंदीकर वहिनींनी कानांवर हात ठेवले. राणी मान वळवून आपली पाठ चाटत होती.

मग आक्का लंगडत बाहेर गेल्या. दोन्ही मुलगे टेपची दोन टोकं धरून उभे होते. आक्कांनी आम्हा सगळ्यांदेखत लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि लालभडक सुजलेली नडगी जयवंतच्या पुढ्यात केली.

"बग," त्या म्हणाल्या. "मेलेली गाय लाथ मारतं क रं?"